कोयोटसाठी स्वस्तातली रायफल, सगळं मिळून ७०० डॉलर, काय घेऊ?

बॅस्ट्रॉपकर

नमस्कार मंडळी. ऑस्टिनच्या पूर्वेला बॅस्ट्रॉप काउंटीत आमची १४ एकर जागा आहे, दोघंही नोकरीवाले, शेळ्या घेतल्या त्या खरं सांगायचं तर प्रॉपर्टी टॅक्सच्या अ‍ॅग व्हॅल्युएशनसाठी (शेतजमीन धरली की टॅक्स कमी लागतो), पण आता बायकोने प्रत्येकीला नाव ठेवलंय त्यामुळे टॅक्सचा विषय केव्हाच मागे पडला. या वसंतात दोन करडं गेली. गेम कॅमेऱ्यात कोयोट (आपल्याकडच्या कोल्ह्याचा इकडचा भाऊबंद) दिसतोय, कधी एक, कधी जोडी, आणि हल्ली उजाडल्यावरही तळ्याच्या बांधावरून बिनधास्त जातात.

शेजारचा म्हातारा टेक्सन म्हणतो रायफल घे आणि विषय संपव. माझा अनुभव म्हणजे कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेली, बस. ग्रीन कार्ड आहे त्यामुळे घेता येते एवढं विचारून ठेवलंय.

बजेट ७०० डॉलर, त्यात रायफल, स्कोप, गोळ्या सगळं आलं पाहिजे. जास्तीत जास्त लांब म्हणजे पोर्चपासून बांधापर्यंत १८० यार्ड असेल. उत्तरेला शेजाऱ्यांचं घर आहे, दक्षिणेला तळ्याचा मातीचा बांध. दुकानात गेलो तर तो पोरगा मला सिक्स-फाइव्ह क्रीडमूर, म्हणजे हरणाच्या शिकारीची मोठी रायफल, विकायला निघाला, बाहेर पार्किंगमध्ये एकजण म्हणाला .२२ पुरते, मामेभाऊ म्हणतो एआर, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रायफल, घे. तीन माणसं तीन तऱ्हा. कोणी प्रत्यक्ष वापरलेलं असेल तर सांगा प्लीज.

लबकचा_तात्या

बॅस्ट्रॉपकर, .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची रायफल घ्या, बोल्ट अ‍ॅक्शन घ्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढची भरायची तसली, आणि दुकानातल्या पोराचं ऐकू नका. आता कारण सांगतो, जरा लांबेल.

कोयोट दिसतो मोठा पण तो सगळा केसांचा फुगारा असतो. आपल्या टेक्सासातला म्हणजे २५-३५ पाउंड, साधारण गावाकडच्या मध्यम कुत्र्याएवढा. त्याच्यासाठी हरणाची रायफल लागत नाही. .२२३ ची ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी नळीतून साधारण ३२४० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर १०० वर दीड इंच वर लागते आणि तुमच्या १८० यार्डांपर्यंत नेम धरून सरळ ट्रिगर दाबायचा, वर धरू का खाली धरू असला हिशोब नाही. ३०० यार्डांना सात-आठ इंच खाली येते पण ते तुम्हाला लागणारच नाही. धक्का जवळजवळ नाही, आणि हे नवख्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण खांद्याला दणका बसायला लागला की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि मग रायफल कितीही भारी असो गोळी तिसरीकडेच.

दुसरं म्हणजे गोळ्यांचा खर्च. सेंटरफायर रायफलींमध्ये (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) .२२३ एवढं स्वस्त क्वचितच काही असतं. सरावाची साधी गोळी अर्ध्या डॉलरच्या आसपास पडते. .२४३ किंवा क्रीडमूरमध्ये तेवढ्या पैशात तुम्ही निम्मा सरावही करणार नाही. आणि सराव पाहिजेच, एनसीसीला २५ वर्षं झाली असतील ना?

पार्किंगमधल्या माणसाचं .२२ विसरा. .२२ रिमफायर (ठोका बुडाच्या कडेवर बसतो, ताकद कमी) म्हणजे ससा, खार, डबे. ५०-६० यार्डांवर डोक्यात बसली तर मरेल, नाहीतर जखमी होऊन झाडीत जाऊन दोन दिवस तडफडेल. .१७ एचएमआर, म्हणजे ती २००२ सालची छोटी रिमफायर, तिचंही तेच, गोळी १७ ग्रेनची, कोयोटला तोकडीच. आणि .२२ ची मऊ शिशाची गोळी कडक जमिनीवर आपटली की उडी मारून कुठे जाईल याचा नेम नाही, तुमच्याकडे शेजाऱ्यांचं घर आहे.

रायफलींमध्ये स्वस्तात तीनच नावं लक्षात ठेवा. सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रूगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट. अ‍ॅक्सिस सगळ्यात स्वस्त, ४०० डॉलरच्या आगेमागे मिळते, दिसायला अगदी सामान्य, प्लास्टिकचा दस्ता पोकळ वाटतो, पण नळी चांगली असते. घेताना अ‍ॅक्सिस टू बघा, तिच्यात अ‍ॅक्युट्रिगर येतो, म्हणजे हलका-जड करता येणारा ट्रिगर, साध्या जुन्या अ‍ॅक्सिसचा ट्रिगर फार जड होता. रूगर अमेरिकनमध्ये प्रेडेटर मॉडेल, २२ इंची नळी, वजन हलकं, हिला शंभरेक डॉलर जास्त पडतील. रूगरचंच रँच मॉडेल आहे, १६ इंची नळी, एआरची मॅगझिन चालते, ट्रकमध्ये ठेवायला सोयीचं, पण पोर्चवरून १८० यार्ड मारायचं असेल तर मी प्रेडेटरच घेईन.

एआर वाईट नाही पण स्वस्त एआर आणि स्वस्त बोल्ट यात एका गोळीला अचूक कोण, तर बोल्ट. आणि भराभर गोळ्या मारायची सोय असली की माणूस मारतोच, १४ एकरात ते नको.

हिलकंट्री_अण्णा

तात्यांशी बऱ्यापैकी सहमत पण .२४३ चा विचार करा की हो. १९५५ पासून आहे, .३०८ चंच काडतूस तोंडाशी बारीक केलेलं. कोयोटला ५८ ग्रेनची व्ही-मॅक्स गोळी घाला, ३७५० फूट प्रति सेकंद, आणि नोव्हेंबर उजाडला की त्याच रायफलीत ९५-१०० ग्रेनची घालून हरीण मारा. दोन कामांना एक रायफल. माझ्याकडे वाऱ्यात .२२३ भरकटते हे मी बघितलंय, तात्यांच्या लबकला तर वारा सोडून दुसरं काय आहे.

मुलं मोठी होतील, हरणाला जायचं म्हणतील, तेव्हा परत दुसरी रायफल घेणार का?

लबकचा_तात्या

अण्णा, वारा आहे म्हणूनच सांगतोय. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२३ ला २०० यार्डांवर चार-पाच इंच ढकलतो. १८० यार्डाला कोयोटच्या छातीच्या मापात ते बसतं, आणि जोराचा वारा असेल त्या दिवशी मारू नये, शेळ्या आत घ्याव्यात.

हरणाचं म्हणाल तर टेक्सासात हरणाला रिमफायर चालत नाही, सेंटरफायर कुठलीही चालते, म्हणजे .२२३ कायद्याने बसते, फक्त गोळी दुसरी, जड आणि न फुटणारी घ्यायची. मी स्वतः हरणाला मोठीच वापरतो ती गोष्ट वेगळी. पण बॅस्ट्रॉपकरांनी हरणाचं विचारलेलंच नाही. त्यांना बजेट आहे ७०० आणि .२४३ ची वीस गोळ्यांची पेटी ३५-४० ला, मग सराव कशाने करणार, मनातल्या मनात?

टू_ट्वेंटीटू_फिफ्टी

.२२-२५० चं कोणी नावच घेत नाही! ५५ ग्रेन आणि ३६८० फूट प्रति सेकंद. लेझर आहे लेझर. रेमिंग्टनने १९६५ साली ती अधिकृत केली त्याच्या आधी कित्येक वर्षं लोक घरी काडतुसं बनवून वापरत होते, एवढी लोकप्रिय.

लबकचा_तात्या

लेझर आहे, मान्य. आवाज पण तसाच आहे, नळी पण लवकर तापते, आणि गोळ्या महाग. ४०० यार्ड मोकळं रान असणाऱ्याने घ्यावी. यांच्याकडे १८० आहे.

ग्रीनकार्डच्या_रांगेत

धागा हायजॅक करत नाही पण एक विचारू का, मी एच-वन-बी वर आहे, डॅलसजवळ. ऑफिसातले सगळे रेंजवर जातात, मला पण बोलावतात. मला रायफल घेता येते का? आणि नुसती चालवायला? गूगलवर दहा उत्तरं आहेत आणि दहाही वेगळी.

कायद्याचं_बोला

बरं झालं विचारलंत, कारण आपल्या लोकांत याबद्दल भयंकर गैरसमज आहेत. मी वकील नाही, पण हे स्वतः वाचलेलं आहे.

फेडरल कायद्यात, म्हणजे १८ यूएससी ९२२ मध्ये, नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन, व्हिजिटर, सगळे आले. नुसती खरेदी नाही, बाळगणं. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली तरी ते बाळगणंच. पण त्याला अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा अपवाद एकच, कुठल्याही अमेरिकन राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते असेल तर खरेदीही करता येते, दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना त्याची कॉपी द्यावी लागते, मग नेहमीसारखा बॅकग्राउंड चेक. राज्यात राहत असल्याचा पुरावाही लागतो.

यात गोम अशी की लायसन्स चालू पाहिजे. टेक्सासचं हंटिंग लायसन्स दर वर्षी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला तुम्ही नवीन काढलं नाही आणि रायफल कपाटात आहे, म्हणजे झाला की प्रश्न. आणि हा साधा दंड नाही, फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं त्यात जाईल. त्यामुळे ज्यांची फाइल रांगेत आहे त्यांनी एकतर अगदी चोख राहावं नाहीतर ऑफिसवाल्यांना सांगावं मी फोटो काढतो. आणि आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत म्हणून "बाबा धरून बघा ना, फोटो काढू" हे अजिबात करू नका. किती जण करतात!

बॅस्ट्रॉपकरांसारखे ग्रीन कार्डवाले या मनाईत येत नाहीत. रायफलसाठी दुकानात वय १८ पूर्ण पाहिजे, ओळखपत्र, ४४७३, आणि एलियन नंबर विचारतात तो जवळ ठेवा.

आता टेक्सासचं. कोयोट इथे नॉनगेम प्राणी धरतात, त्याला बंद सीझन नाही, संख्येची मर्यादा नाही. लायसन्स एरवी लागतं, पण कोयोट तुमच्या जनावरांवर किंवा कोंबड्यांवर हल्ला करत असेल, करायच्या बेतात असेल किंवा नुकताच केला असेल तर त्याला मारायला लायसन्सची गरज नाही. तरी मी म्हणेन काढून टाका, रहिवाशांना २५ डॉलरला आहे, "नुकताच" म्हणजे किती दिवस यावर गेम वॉर्डनशी वाद घालत बसण्यापेक्षा बरं. लायसन्सवर शिकार करायची तर २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन कोर्स लागतो, मोठ्यांना पूर्ण ऑनलाइन करता येतो. तो करा म्हणजे कराच, कुंपण ओलांडताना रायफल कशी ठेवायची इथपासून शिकवतात.

आणि काउंटीला १० एकर किंवा त्याहून लहान प्लॉटच्या सबडिव्हिजनमध्ये गोळीबारावर बंदी घालता येते. तुमचे १४ एकर आहेत, पण सबडिव्हिजनची स्वतःची डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे खरेदीखतातल्या अटी, असतात ती काढून वाचा. गोळी तुमच्या हद्दीबाहेर गेली आणि पलीकडच्याची परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे, कोणाला लागो न लागो.

ग्रीनकार्डच्या_रांगेत

बाप रे. मी फोटोच काढतो.

फ्रेस्नोची_मावशी

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका. आमच्याकडे बदामाची बाग आणि ३०-३५ मेंढ्या आहेत, कोयोट रोजचा. रायफल आमच्याकडेही आहे, मी काही सोवळी नाही. पण रायफलने कोयोट "संपत" नाही, शेजारच्या आजोबांना म्हणावं तुम्ही इतकी वर्षं मारताय मग संपले का? या देशात शंभर वर्षं सरकारने विष घातलं, सापळे लावले, आणि तो प्राणी पश्चिमेतून निघून पार न्यूयॉर्कपर्यंत पोचला. एक जोडी मारली की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी येते.

आधी खात्री करा की करडं कोयोटनेच नेली. कॅमेऱ्यात दिसला म्हणजे त्यानेच केलं असं नसतं. कोयोट बहुतेक गळ्याला धरतो, एकच जनावर घेतो आणि खातो. मोकाट कुत्री मागच्या पायांना, कानांना, कुठेही फाडतात, चार-पाच जनावरं जखमी करून ठेवतात आणि खात काहीच नाहीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी नुकसान झालं ते सगळं शेजारच्या दोन पाळीव कुत्र्यांनी केलेलं निघालं, आणि शिव्या खाल्ल्या कोयोटने.

करडं व्हायच्या दिवसांत रात्री सगळ्या शेळ्या बंद जागेत. एप्रिल-मेमध्ये कोयोटचीही पिल्लं झालेली असतात, त्यांना खाऊ घालायला ती जोडी जास्त धीट होते, नेमकं तेव्हाच तुमची करडं लहान असतात. कुंपणाला खालून आणि वरून विजेची एकेक तार ओढा, कोयोट उडी मारण्यापेक्षा खालून उकरून आत शिरायला बघतो. आणि कुत्रा. ग्रेट पिरनीज. आमचे दोन आहेत, दिवसभर झोपतात, रात्रभर भुंकतात, सुरुवातीला आमचीच झोप गेली पण मेंढ्या गेल्या नाहीत. पिल्लू असल्यापासून शेळ्यांतच वाढवायचा, घरात घेऊन लाड केले की तो सोफ्यावरचा कुत्रा होतो.

आणि कोणी कॅलिफोर्नियातून वाचत असेल तर, इथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कोयोटलाही नाही. मेलेलं जनावर काँडोर गिधाडं खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं म्हणून. तांब्याची गोळी घ्यावी लागते, महाग पडते. रायफल घेताना आपल्याला पाहिजे त्या कॅलिबरमध्ये बिनशिशाची गोळी दुकानात खरंच मिळते का ते आधी बघा, .२२३ मध्ये मिळते.

जुन्नरकर

मावशींच्या बंद गोठ्याला आमचा दुजोरा. इकडे जुन्नर-आंबेगावला बिबट्या आहे, उसात राहतो, आणि वन विभाग तेच सांगतो की जनावरं रात्री पक्क्या गोठ्यात बांधा. छप्पर नसेल तर भिंतीला अर्थ नाही. तुमचा कोयोट निदान बिबट्यासारखा चढत तरी नाही. बाकी तुम्ही लोक दुकानात जाऊन रायफल आणता हे वाचून गंमत वाटते, इकडे शस्त्र परवान्यासाठी अर्ज टाका आणि म्हातारे व्हा. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे कोल्ह्याला हात लावायची सोय नाही, त्यामुळे गावाकडच्या कोणी हा धागा वाचून उत्साहात येऊ नये.

हिलकंट्री_अण्णा

मावशींचं पटलं. माझ्या शेजाऱ्याकडे गाढव आहे कळपात, ते पण कोयोटला लाथा घालतं, पण गाढव एकटंच पाहिजे, दोन असली की ती एकमेकांशीच गप्पा मारत बसतात आणि शेळ्यांकडे ढुंकून बघत नाहीत.

बॅस्ट्रॉपकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. मावशी, तुमचं वाचून परत सगळे व्हिडिओ बघितले. दुसऱ्या करडाच्या वेळी कोयोट तोंडात धरून जाताना स्पष्ट दिसतोय, त्यामुळे तो आरोपी पक्का. पहिल्याचं सांगता येत नाही. विजेची तार या शनिवारी ओढतोय आणि कुत्र्याचं बायकोने लगेच उचलून धरलंय (नाव पण ठरलं).

तरी रायफल घेणार आहे, .२२३ नक्की. आता प्रश्न असे. अ‍ॅक्सिसचा स्कोपसकट कॉम्बो मिळतोय, तो घेऊ का वेगळा स्कोप घेऊ? एका पॉन शॉपमध्ये (गहाणवटीच्या दुकानात) जुनी रेमिंग्टन ७०० दिसली, .२२३ मध्येच, लाकडी दस्ता, दिसायला एकदम देखणी, ४७५ म्हणतोय. आणि गोळ्या कुठल्या, वॉलमार्टमध्ये काल बघितल्या तर दिसल्याच नाहीत.

लबकचा_तात्या

वॉलमार्टात दिसणार नाहीत. एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला त्यानंतर २०१९ ला त्यांनी .२२३ आणि ५.५६ विकणं बंद केलं. अ‍ॅकॅडमीत जा किंवा ऑनलाइन मागवा, टेक्सासात घरी येतात.

रेमिंग्टन ७०० म्हणजे १९६२ पासूनची रायफल, देखणी आहेच, आणि जुनी चांगली मिळाली तर मीही घेईन. पण ट्रिगरची भानगड माहीत करून घ्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने स्वतः परत बोलावल्या होत्या, कारण ट्रिगर न दाबता उडू शकते. त्याच्या आधीच्या जुन्या ट्रिगरवरही कोर्टात खटले झालेत. मधे कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यामुळे सिरियल नंबर तपासा, ट्रिगर बदललेला आहे का विचारा, आणि पॉन शॉपवाल्याला माहीत नसेल तर तुमच्या पहिल्या रायफलीसाठी तो धंदा नको. बजेटमध्ये नवीन ट्रिगर आणि बंदुकीचा मिस्त्री धरलेला नाही. जुनीच घ्यायची तर नळीत टॉर्च मारून तोंडाची बाजू बघा, गंज किंवा खरचटलेलं दिसलं की सोडून द्या.

कॉम्बोबद्दल. कॉम्बोवरचे स्कोप पूर्वी भंगार असायचे, आता बरे येतात, सकाळी उजेडात १८० यार्डाला चालतील. पण कोयोट येतो तो झुंजूमुंजू असताना आणि सूर्य बुडताना, आणि नेमकं तेव्हा स्वस्त काच मार खाते, झाडी आणि जनावर एकाच राखाडी रंगात दिसतं. म्हणून माझं म्हणणं, ४०० ची साधी अ‍ॅक्सिस टू, वर १५०-१८० पर्यंतचा वेगळा स्कोप, ३-९ गुणिले ४०. व्हॉर्टेक्स क्रॉसफायर टू बघा, सेलमध्ये मिळाला तर ल्युपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम बघा. त्याच्याहून जास्त पॉवर लागत नाही, उलट १२-१६ वर नेलं की जवळ आलेला कोयोट स्कोपात सापडतच नाही. फिरताना कायम ३ वर ठेवायचा, लांबचा दिसला की वाढवायचा. उरलेल्या १२० डॉलरमध्ये माउंट, दोन पेट्या सरावाच्या, एक पेटी चांगली. टॅक्स धरून ७०० ला थोडं वर जाईल, वहिनींना आधी सांगून ठेवा. कानाला मफ वेगळे, ते विसरू नका, .२२३ चा आवाज पोर्चच्या छपराखाली कान बधिर करतो.

गोळी कुठली, तर कोयोटला ५५ ग्रेनची पातळ कवचाची, प्लास्टिकच्या टोकाची, हॉर्नडीची व्ही-मॅक्स किंवा त्या जातीची कुठलीही. ती आत जाऊन फुटते, बहुतेक वेळा बाहेर पडत नाही, आणि नेम चुकून मातीत गेली तरी तिथेच तुकडे होतात, तुमच्यासारख्या लहान जागेला हेच पाहिजे. सरावाची पूर्ण कवचाची एफएमजे जनावरावर मारू नका, आरपार भोक पाडून जाते, जनावर पळतं आणि गोळी पुढे जातच राहते. एक महत्त्वाचं, ५.५६ आणि .२२३ काडतूस दिसायला सारखंच पण ५.५६ चा दाब जास्त असतो. .२२३ लिहिलेल्या रायफलीत ५.५६ घालायचं नाही. उलटं चालतं. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि पेटीवर काय छापलंय ते वाचा.

झिरो करताना घाई नको. आधी २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० वर. बहुतेक स्कोपांवर एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. म्हणजे गोळी दोन इंच खाली लागली तर आठ क्लिक वर. तीन-तीन गोळ्या मारायच्या आणि तिन्हींचा मध्य बघायचा, एका गोळीवरून स्कोप फिरवत बसलात की दिवस जाईल आणि पेटीही. मध्ये नळी थंड होऊ द्या. १०० वर दीड इंच वर बसली की काम झालं. नंतर टेबल सोडा आणि बसून, गुडघ्यावर, काठीला टेकून मारायचा सराव करा, कारण कोयोट तुम्ही टेबल लावेपर्यंत थांबत नाही.

कायद्याचं_बोला

यात एक भर. रायफल घरी आली की कपाटाला कुलूप. मुलं आहेत ना? टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर मोठ्यावर गुन्हा दाखल होतो. लहान लोखंडी कपाट १०० च्या आसपास मिळतं. हे ७०० च्या बाहेरचं आहे, पण हे वगळून चालणार नाही.

फ्रेस्नोची_मावशी

आणि रात्री डोळे चमकले म्हणून गोळी मारायची नाही हो. कुत्र्याचे पण चमकतात, शेळीचे पण, आणि आता तुमचा पिरनीज पण असेल तिथेच. पूर्ण अंग दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे ते दिसलं पाहिजे.

बॅस्ट्रॉपकर

मावशी, लिहून भिंतीला लावतो. तात्या, अजून एकच. पोर्चवरून मारू म्हणालो होतो पण काल नीट बघितलं तर पोर्चपासून बांधाच्या डाव्या टोकाकडे नेम धरला तर मागे बांध संपतो आणि पलीकडे काउंटीचा रस्ता आहे, झाडांमुळे दिसत नाही एवढंच. उजव्या अर्ध्या भागात मागे पूर्ण माती आहे. मग काय करू?

लबकचा_तात्या

हे रायफल घ्यायच्या आधी बघितलंत हे फार चांगलं. डावा अर्धा भाग बंद, कोयोट तिथे उभा राहून तुमच्याकडे बघून जांभई देत असला तरी बंद. बांधावर एक खांब रोवा, नारिंगी रंग लावा, त्याच्या डावीकडे कधीच मारायचं नाही, घरात कोणीही रायफल उचलली तरी हाच नियम.

आणि पोर्चपेक्षा उंच जागा असेल तर बघा. गोठ्याच्या माळ्यावरून किंवा १०-१२ फुटांच्या हरणाच्या स्टँडवरून मारलं की गोळी खाली तिरकी जाते, मागे जमीनच येते. वारा दक्षिणेचा असतो तुमच्याकडे बहुतेक दिवस, म्हणजे बांधाकडून घराकडे, तो तुमच्या फायद्याचा आहे, कोयोटला तुमचा वास जात नाही. सशाच्या ओरडण्याची शिट्टी मिळते १५-२० डॉलरला, ती वाजवून बोलवायचं असेल तर हे लक्षात ठेवा की तो सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घेत येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत घराच्या उत्तरेला, शेजाऱ्यांच्या बाजूला. तिकडे तर मारायचंच नाही. म्हणून शिट्टी नको, वाट बघा.

बॅस्ट्रॉपकर

गोठ्याला माळा आहे, तिथून डावं टोकही जमिनीकडेच दिसतंय असं वाटतं, उद्या उजेडात चढून बघतो आणि इथे फोटो टाकतो. रायफल शनिवारनंतर, आधी तार.

हिलकंट्री_अण्णा

फोटो टाका. आणि .२४३ चं अजून एकदा मनात आणून बघा.

लबकचा_तात्या

अण्णा, पुरे.